बंबात जाळलेला कागद

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर ढोंगी म्हणते. शिकले चौथीपर्यंतच, पण डोळे शाबूत आहेत. जे पाहिलं तेच लिहितेय.

निजाम जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. जालन्यात एका मारवाडी शेठच्या सरकी-पेंडीच्या दुकानाच्या माडीवर माझे मिस्टर कमर्शिअल आर्टचा क्लास चालवायचे — लेबलं, पोस्टर, अक्षरं... आता पोरं ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात ते. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही. मॅट्रिक झालेले आठ जण डिप्लोमाला बसणार होते. मास्तरांचा नियम होता — नापसंत कागद क्लासात ठेवायचा नाही. तो मागच्या खोलीत आमच्या घरात यायचा आणि मी त्याने बंब पेटवायचे.

परीक्षेचं काम होतं केशतेलाचं लेबल. मॉडेल मी. अठरा वर्षांची, केस गुडघ्यापर्यंत, आणि तोंडभर देवीचे व्रण. सात जणांनी व्रण गाळले. हसनाबादच्या दत्तूने एकूण एक काढले.

मास्तरांनी त्याचा कागद वर धरला. "दत्तोबा, हे तेल आहे का खरजेचं मलम?"

क्लास खदखदून हसला.

"सर, वहिनी हायेत तशा काढल्या."

"गिऱ्हाईक बाटली घेईल का पळून जाईल?"

"बघत तर राहील ना, सर."

पुन्हा हसले. मी तिथंच स्टुलावर बसलेली. चित्र चांगलं होतं, ते मला तेव्हाच कळलं. बाकीच्या सात कागदांवर बाहुल्या होत्या. ही आता बोलेल असं वाटायचं. म्हणूनच राग आला.

मास्तरांनी कागद माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंब पेटवत होते, तेवढ्यात दत्तू मागच्या दारात.

"वहिनी, तेवढा कागद द्या. आज पार्सल जाऊन राह्यलं. कागद न्हाई तर परीक्षा न्हाई. माय म्हणली, औंदा पास न्हाई झाला तर पुन्हा धाडणार न्हाई."

"बंबात गेला."

"एकदा बराबर बघा ना."

"गेला म्हटलं ना! आता काढायचंच तर म्हशीचं तोंड काढ. तिला व्रण नसतात."

कागद दाराआड माझ्या डाव्या हातात होता. तो जिना उतरला आणि माझं बोलणं खोटं पडू नये म्हणून मी कागदाचे चार तुकडे करून बंबात घातले. राख होईपर्यंत उभी राहिले. त्याच पाण्याने आंघोळ केली.

दुपारी मास्तरांनी सात कागद पत्र्याच्या नळीत घातले आणि माझ्यासमोर लाखेने नळी बंद केली. आठ दिवसांनी दत्तू गावच्या विहिरीत सापडला. पाय घसरला, असं सांगितलं गेलं.

दोन महिन्यांनी नळी निकालासकट परत आली. आत आठ कागद होते. आठवा दत्तूचा. फाटलेला नाही, जळका वास नाही. कोपऱ्यात परीक्षकांचा शिक्का. निकालात तो पहिला.

मास्तरांनी माझ्या थोबाडीत मारली. "गुपचूप घातलास ना? काय होतं तुझं त्याच्याशी?"

मी जाळला म्हणून सांगितलं. म्हणाले, "इतकी कठोर तू नाहीस." मरेपर्यंत त्यांनी तेच धरून ठेवलं.

निकाल पोचवायला हसनाबादला मलाच धाडलं. दत्तूची माय अंगणात तूर पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं.

"मेल्यावर पास केलं व्हय," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं. "त्यो म्हणत व्हता, वहिनीनं जाळला. मी म्हणलं, बाईमाणूस असं करत न्हाई. मंग, तुमीच धाडला न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

ती विधवा. तिने शेजारणीला बोलावलं आणि तिच्या हाताने माझी ओटी भरवली. तांदूळ नव्हते, ज्वारीच होती. स्वतः लांब उभी राहून बघत होती.

लाख माझ्यासमोर लागली, राख मी स्वतः उपसली. मग कागद तिथं कसा पोचला? चार शिकलेल्या माणसांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. मला तर नाहीच.

ती ज्वारी आम्ही दळून खाल्ली.