स्टार बेबी आणि जायफळाचे वेढे

"मॅडम, हे बघा आमचं सगळ्यात शहाणं बाळ. सलग तिसऱ्यांदा स्टार बेबी!"

हर्षदाने चकचकीत कागद लावलेली पुठ्ठ्याची चौकट शर्विलच्या तोंडासमोर धरली आणि मोबाइलवर फोटो काढला. आजूबाजूला दहा बाळं नुसता कल्ला करत होती. एकाने तर शेजारच्याचा मोजा तोंडात घातला होता. पाच महिन्यांचा शर्विल मात्र आईच्या मांडीवर नुसता पडून होता. फ्लॅश पडला तरी त्याची पापणी हलली नाही. मला ते खटकलं.

मी मुळात नर्स. मुलांच्या वॉर्डातून रिटायर झाले, घरी करमेना, म्हणून एका ट्रस्टच्या आई-बाळ गटांची सुपरव्हायझर झाले. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, वांगणी असे आमचे गट पसरलेत. वर्षाच्या आतली बाळं घेऊन आया आठवड्यातून एकदा दीड तास जमतात. गाणी, खेळ, गप्पा. गट चालवणारीला सगळ्या ताई म्हणतात. ताई डॉक्टर नसते आणि तिने डॉक्टरकी करायचीही नसते. म्हणून माझे नियम आहेत. आईला विचारल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. बाळाला काय झालंय हे आपण सांगायचं नाही, पण शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. 'काही नाही हो, होईल ठीक' असला धीर तर मुळीच द्यायचा नाही. ताया पाठीमागे मला 'नियमवाली' म्हणतात. म्हणू देत.

तो मंगळवार होता. अंबरनाथ पश्चिमेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये हर्षदाचा गट भरला होता आणि मी मागे वही घेऊन बसले होते. याला आमच्याकडे ऑब्झर्व्हेशन म्हणतात. मध्ये बोलायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.

"दीदी, इसका तो आवाज ही नहीं आता," उल्हासनगरच्या कॅम्प तीन या वस्तीतून येणारी कविता कौतुकाने म्हणाली. "मेरा वाला देखो, पूरा कॅम्प उठा देता है."

मी वही मिटली आणि उठले.

"पल्लवी, मी घेऊ का जरा याला?" मी शर्विलच्या आईला विचारलं.

"घ्या ना मॅडम!" तिने अभिमानाने बाळ माझ्या हातात दिलं.

पाच महिन्यांचं बाळ मान धरतं. याची मान माझ्या हातावर लुळी पडली. मी तळपाय चोळला. त्याने कपाळाला जराशी आठी घातली आणि पुन्हा डोळे मिटले. श्वास मोजला, तो ठीक होता.

"शेवटचं दूध कधी प्यायला?"

"पहाटे पाचला."

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

"मॅडम, तो असाच आहे. शांत," हर्षदा मध्येच म्हणाली.

"इथे असाच असतो, की घरीसुद्धा?"

हर्षदाने ते कधी विचारलंच नव्हतं. पल्लवीला माहीत होतं, पण ती खाली बघायला लागली.

चारचौघांत विचारलं की आया खोटं बोलतात. मीही माझ्या मुलांच्या वेळी बोलले आहे. म्हणून मी बाळाला घेऊन तिला बाहेर पॅसेजमध्ये नेलं, जिथे सगळ्यांच्या चपला काढलेल्या असतात. मागोमाग तिच्या सासूबाई उठल्या. त्या वांगणीच्या, शेतीवाडीतल्या, नातवासाठी मुलाकडे येऊन राहिलेल्या.

"आजी, दोन मिनिटं आतच बसा," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही, पण बसल्या.

"आज सकाळपासून याच्या पोटात काय काय गेलं, ते क्रमाने सांग."

"दूध. मग गुटी."

बाळगुटी आपल्याकडे घरोघर. हळकुंड, मुरडशेंग, जायफळ वगैरे सहाणेवर दुधात उगाळून चाटवतात. माप चमच्याचं नसतं, वेढ्यांचं असतं. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. जायफळ झोप लागावी म्हणून. आम्ही नर्सेस गुटी देऊ नका म्हणून घसा कोरडा करतो, घरच्या बायका मान डोलावतात आणि देतात.

"जायफळाचे किती वेढे?"

ती पायाने चपला सरळ लावायला लागली.

"मी रागावणार नाही. पण डॉक्टर पहिला हाच प्रश्न विचारणार आहेत."

"वीस," ती पुटपुटली आणि रडायलाच लागली. "सासूबाईंना सांगू नका. त्या दोनच देतात. मी फक्त मंगळवारी देते, त्या आंघोळीला गेल्या की. पहिल्या वेळी हा इथे खूप रडला होता. ताई म्हणाल्या, रडूबाईला स्टार नाही मिळणार. सगळ्या हसल्या. मग वाटलं, दीड तास तरी शांत राहू दे. पहिल्यांदा पाच दिले, मग दहा."

मी लगेच मोबाइल काढला.

ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना स्टेशनजवळच आहे. त्यांना फोन केला, शेअरच्या रांगेतून एक रिक्षा स्पेशल केली आणि पल्लवी, सासूबाई आणि मी बाळाला घेऊन निघालो. मी हर्षदाला एवढंच सांगितलं, "गट चालू ठेव. कुणी विचारलं तर बाळाला दाखवायला नेलंय म्हण. बाकी एक शब्द नाही." आईने सांगितलेलं आपल्याकडेच राहतं, फक्त बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगायचं, हाही नियमच.

डॉक्टरांनी आधी शुगर तपासली. खूपच खाली आली होती. बाळ झोपेत, म्हणून दूध नाही, दूध नाही म्हणून आणखी ग्लानी. लगेच ग्लुकोजचं सलाइन लावलं.

"आणखी दोन तास हे शांत बाळ कुणी उठवलं नसतं, तर झटके आले असते," ते म्हणाले. "किती दिलं होतं?"

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी पल्लवीकडे बघितलं. सांगायचं होतं ते तिने. तिने सांगितलं.

"वीस?" सासूबाई ओरडल्या. "मी दोनच सांगलेले हिला! दोनच्या वर कधी हात गेला नाय माझा. मना काय माहीत, माझ्या पाठी ही काय करते ती!" मग त्यांनी विचारलं, "पण कशापायी गो? पोरगा तर रातचा चांगला झोपतो."

पल्लवीने स्टार बेबीचं सांगितलं. सासूबाईंनी तिला सोडलं आणि सरळ माझ्याकडे वळल्या.

"म्हंजे बाई, तुमच्या त्या पुठ्ठ्यापायी?"

स्टार बेबीची कल्पना हर्षदाची असली, तरी मंजुरी माझी होती. मीटिंगमध्ये मी म्हणाले होते, "छान आहे, आया खूश होतील." आपले नियम एवढे मिरवणारी मी, बाळांना नंबर लावायला खुशाल हो म्हणून बसले होते.

चारच्या सुमाराला शर्विल रडला. आधी कुरकुर, मग असा टाहो की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पल्लवीला म्हणाल्या, "घे त्याला. भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट दिला. ट्रस्टचे सेक्रेटरी साळवी सर वाचून अस्वस्थ झाले.

"मॅडम, स्टार बेबी बंद केलं तर अटेंडन्स पडेल. त्या फोटोंना ग्रुपवर केवढे लाइक्स येतात!"

"पडू दे."

"आणि यात 'मंजुरी सुपरव्हायझरची' कशाला लिहिलंत? त्या मुलीने जायफळ दिलं, त्यात तुमचा काय संबंध?"

"मी हो म्हटलं नसतं, तर तिला वेढे मोजायची गरज पडली नसती. ती ओळ राहणार, सर."

ती राहिली. नियमांत एकाची भर पडली: बाळाच्या वागण्याला बक्षीस नाही, बाळांची तुलना नाही, आणि रडणाऱ्या बाळाला नावं ठेवणं तर चेष्टेतही नाही. हर्षदाला मी काढलं नाही. तिने सगळ्या आयांसमोर स्वतःहून सांगितलं की स्टारची पद्धत चुकीची होती आणि ती बंद. कारण मात्र कुणाच्या नावाने सांगितलं नाही. ताई म्हणून ती त्या दिवशी तयार झाली, असं मी मानते.

दोन आठवड्यांनी पल्लवी पुन्हा गटात आली. सोबत सासूबाई होत्या. घरातलं जायफळ त्यांनी आता स्वयंपाकाच्या डब्यात टाकलंय, श्रीखंडापुरतं. शर्विल दीड तासातला तासभर रडला. पल्लवी लाल होऊन उठायला लागली, तशी हर्षदा म्हणाली, "बस गं. रडू दे. गाणं जरा मोठ्याने म्हणू आपण." आणि कविताचा मुलगा त्याच्या सुरात सूर मिसळून रडायला लागला.

मी मागे बसून वहीत लिहिलं, 'गट उत्तम चालला आहे.'

हल्ली कुणी मला शहाणं, शांत बाळ कौतुकाने दाखवलं, की मी आधी विचारते, शेवटचं दूध कधी प्यायलं?