वरण-भाताचं इंग्रजी

हसायचं नाही, या एकाच अटीवर सांगतो. चहा थंड झाला तरी चालेल, पण माझी फजिती मधेच तोडू नका.

साल असेल चौसष्ट-पासष्ट. मी बालाघाटला शाळेत इंग्रजी शिकवायचो. नवी मास्तरकी, त्यात इंग्रजी घेऊन बी.ए., पाय जमिनीला लागत नव्हते. किरनापूरची सुशीला मी एका लग्नात पाहिली होती आणि ती मला मनापासून आवडली होती. घरच्यांची बोलणी झाली होती. उरलं होतं ते एवढंच, की तिचे वडील बळीरामजी मला एकदा पंगतीला घेऊन बसणार होते. पोरगा कसा जेवते ते पाहतो, म्हणाले. म्हणजे परीक्षाच की!

बळीरामजी माळकरी. त्यांचा एक नेम होता. जेवताना मटणामांसाचं नुसतं नाव कानावर पडलं, की पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. आईनं निघताना मला हे तीनदा बजावलं. मीही तीनदा मान डोलावली.

पानं वाढली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदीचा लाडू. सुशीला तूप घेऊन आली. बळीरामजींनी आपलं सहज विचारलं, "मास्तर, जेवणाले इंग्रजीत काय म्हणतात?"

'फूड' म्हणून गप्प बसता आलं असतं की नाही? पण सुशीला समोर उभी! मी थेट शब्दाच्या मुळाशी गेलो. म्हटलं, आज मीट म्हणजे मटण, पण हजार वर्षांपूर्वी इंग्रज कुठल्याही अन्नाला मीटच म्हणायचे. भाकरही मीट, भाजीही मीट. पुढे हळूहळू तो शब्द एकट्या मटणालाच चिकटला. मिठाईला मात्र अजून स्वीटमीट म्हणतात. इथं तरी थांबावं? लाडू वर धरून मी समारोप केला, "म्हणजे जुन्या इंग्रजांच्या हिशेबानं आपण दोघंही आत्ता मीटच खातोय."

सुशीलाच्या हातातली तुपाची वाटी जागच्या जागी थांबली.

बळीरामजींनी मला पुरतं बोलू दिलं, मग घास पानात ठेवला, पानाला नमस्कार केला आणि ते उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. हात धुऊन शांतपणे म्हणाले, "शब्द चांगला समजावला तुम्ही. पण माहा नेम आहे. तुम्ही जेवा, मास्तर."

साठीचा माणूस माझ्या जिभेपायी दिवसभर उपाशी राहणार. मला फार लाज वाटली, अगदी खरी. मीही उठलो आणि आज मीसुद्धा जेवणार नाही, असं जाहीर करून टाकलं. सुशीलाच्या डोळ्यांत जरा कौतुक दिसलं. अजून आशा आहे, असं वाटलं.

भर दुपारी मोटर स्टँडवर आलो. शपथ खरी होती हो, पण पोट पंचवीस वर्षांचं! त्यात सासुरवाडीच्या जेवणासाठी सकाळपासून रिकामं ठेवलेलं. मोटरीला तासभर अवकाश, आणि शेजारी कढईतून आलूबोंडे निघत होते. एक घेतला. मग दुसरा घेतला. तिसरा अख्खा तोंडात कोंबला आणि समोर पाहतो तर बळीरामजी!

उन्हातून चालत आलेले, स्वतः उपाशी, हातात फडक्यात बांधलेला पोळ्यांचा डबा. "आमच्यापायी उपाशी चालले म्हून सुशीलानं पोया बांधून देल्या," म्हणाले.

मला गिळता येईना, थुंकता येईना. सगळं संपलं, असं वाटून डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी कढईकडे पाहिलं, माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

"राहू द्या, चावा निवांत. तोंड भरलेलं असलं का तुम्ही लय गुणाचे दिसता. पोरगी देतो. पण आमच्या घरी असंच जेवाचं."

अट सुशीलानं आजवर पाळली आहे. जेवताना मी काही सांगायला तोंड उघडलं, की ती लगेच पानात पोळी वाढते. नातवंडांना वाटतं, आजीचा आजोबांवर भारी जीव!