गुरप्पाअण्णांची विचारणा

निवेदन टाईप करून घ्यायला कुठल्याही पक्षाचा माणूस आला, की गुरप्पाअण्णा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "करार वाचलाय का?"

समोरचा हसायचा. कुणी म्हणायचं, वरून आदेश आलाय. कुणी म्हणायचं, टीव्हीवर बघितलंय की. एकदा एका पक्षाचा शहर उपाध्यक्ष खरं बोलून गेला, "अण्णा, करार वाचायचा असतोय व्हय? विरोध करायचा असतोय."

"बरं," म्हणून अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मसुदा सांगायला सुरुवात केली.

सोलापूरच्या कलेक्टर कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली त्यांचं टेबल होतं. मराठी टाईपरायटर, काळी छत्री, पायाखाली एक फरशीचा तुकडा. वारसनोंद, शपथपत्र, तक्रारअर्ज, काय हवं ते मिळायचं. पण मोर्चेवाल्यांची निवेदनं ही अण्णांची खासियत. परदेशाशी कुठला व्यापारी करार व्हायचा म्हटला की विरोधातला पक्ष मोर्चा काढणार, मोर्चाच्या शेवटी साहेबांच्या हातात निवेदन देणार, त्याचा फोटो निघणार, आणि ते निवेदन अण्णांकडचं असणार. पाच-सहा वर्षांनी सरकार बदलायचं. काल विरोध करणारे कराराचं स्वागत करायचे आणि काल स्वागत करणारे मोर्चा घेऊन यायचे. अण्णांचा मसुदा तोच राहायचा. "करार हाय तितंच ऱ्हातोय," ते म्हणायचे, "ह्येंच्या खुर्च्या तेवढ्या फिरत्यात."

मी त्यांच्या शेजारी झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांच्या पोटावर पाय देणारी मीच की. पण पहिल्याच दिवशी ते आत आले, भिंतीवर फ्रेम करून लावलेली माझी बी.ए.ची पदवी त्यांनी चष्मा वर-खाली करून सगळी वाचली. सहीसकट वाचली. "अर्थशास्त्र," ते म्हणाले. "घरात कोण शिकलंय आनी?"

"कुणी नाही. मीच पहिली."

"मंग उंच लाव की जरा. दारातनं दिसाया पायजे."

आम्ही टेंभुर्णीकडचे, वस्तीवरचे. माझी आई अजून अंगठा देते. ही पदवी मी भिंतीवर का लावली हे मला कुणाला समजावून सांगायचं नव्हतं, आणि अण्णांना ते सांगावंच लागलं नाही. पुढे त्यांच्या टाईपरायटरचे भाग मिळेनात, बोटंही आखडली. त्यांनी आपलं स्टूल माझ्या दुकानात आणून ठेवलं. मसुदा त्यांचा, टायपिंग माझं. गिऱ्हाइकांसमोर मी 'सुनंदाबाई', एरवी 'तंगी'. ते मैंदर्गीचे, घरी कानडी बोलणारे, आणि कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण.

करारांची किचकट नावं त्यांना आवडत नसत. त्यांनी देशांना मालावरून नावं ठेवली होती. सफरचंदवाले, तेलवाले, दूधवाले. "सफरचंदवाल्यांचा मसुदा काढ," म्हटलं की मी कॉम्प्युटरवर ती फाईल उघडायची, पक्षाचं नाव आणि तारीख बदलायची. झालं निवेदन.

हेच माझ्या अंगाशी आलं. म्हणजे यायला हवं होतं.

त्या दिवशी अण्णा मैंदर्गीला बहिणीकडे गेले होते. दूधवाल्या देशाशी कराराची बोलणी चालू होती आणि मोर्चा कचेरीच्या फाटकापर्यंत येऊन पोचला होता. कार्यकर्ता धावत आला, "सुनंदाताई, दहा मिनिटांत द्या, साहेब निघालेत." मी सफरचंदवाल्यांची जुनी फाईल काढली. पक्ष बदलला, तारीख बदलली, सफरचंदाच्या ओळी काढल्या, दुधाच्या तेवढ्या ठेवल्या. देशाचं नाव बदलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी. अण्णा रोजच्यासारखे ओळीखाली बोट फिरवत वाचत होते. बोट थांबलं.

"तंगी, सफरचंदवाल्यांचा करार हून किती वरसं झाली?"

अण्णा म्हणाले, "ह्ये म्हंत्यात, त्यो रद्द करा, त्येंचं दूध येतंय. बोलणी तर दूधवाल्यांची चाललीत की."

मी फाईल उघडून बघितली. चूक माझीच. मग माझ्या लक्षात आलं, की ज्या पुढाऱ्याने सही केली त्याला ती कळली नाही, ज्यांनी निवेदन हातात घेतलं त्यांना नाही, ज्याने बातमी छापली त्यालाही नाही. मला हसू फुटलं. मी चहावाल्या रफिकभाईंना बोलावून दाखवलं. झाडाखालची सगळी मंडळी जमली. "दुधाची सफरचंदं केली की बाईनं," कुणी म्हणालं. रफिकभाई म्हणाले, "अन्ना, उनों पढे रहते तो लीडर कायकू बनते?" एक रिक्षावाला म्हणाला, "सगळे सारखेच. उद्या हेच सत्तेत आले की दूध बी पितील आन् सफरचंद बी खातील." खूप हसलो आम्ही.

अण्णा हसले नाहीत. सगळे पांगल्यावर एवढंच म्हणाले, "तू ग्रॅज्युएट हायस की."

मला ते झोंबलं. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चूक झाली, कुणाचं काय बिघडलं, हे माझं म्हणणं होतं. अण्णा मात्र आठवडाभर वाट बघत होते, की कुणीतरी येईल, निवेदन टेबलावर आपटेल आणि शिव्या देईल. कुणी येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच मोर्चावाल्या पक्षाच्या त्या शहर उपाध्यक्षाला फोन लावला. मी पलीकडचा आवाज ऐकत होते. "अण्णा, ऱ्हाऊ द्या की. फोटो लई चांगला आलाय."

फोन ठेवून अण्णा म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. पण त्यांनी सोडलं नाही.

मैंदर्गीत त्यांची बहीण गौरव्वा, नवरा गेलेली, दोन म्हशींवर घर चालवणारी. त्या दिवशी ते तिच्याकडे होते, तेव्हा तिने मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकून त्यांना विचारलं होतं, "अण्णा, भाईरचं दूध येणार म्हनं. तिसरी म्हस घिऊ का नको?" मला हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. "इतकी वरसं मी ह्येच टाईप करतोय. आन् माझ्या बहिणीला मला सांगता येत न्हाय, म्हस घे का नको घिऊ."

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत कचेरी ओस पडायची. मी सफरचंदवाल्यांच्या जुन्या कराराची प्रत शोधून काढली. शेकडो पानं इंग्रजी, त्यात आकड्यांच्या याद्यांवर याद्या. खरं सांगते, अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली तरी असा एकही कागद मी कधी वाचला नव्हता. परीक्षेला आलाच नव्हता. अण्णा शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे. मी वाचायची, अडलेला शब्द ते शोधायचे, त्यांना सापडेपर्यंत मी पुढची ओळ लावून ठेवायची. आठवडाभराने आम्ही चौथ्या प्रकरणात पोचलो. तिथे दूध होतं, लोणी होतं, पावडर होती. आणि ही सगळी आयात कराच्या सवलतीतून वगळलेली होती.

अण्णांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"म्हंजे त्या टायमाला दूध येणारच नव्हतं."

"नव्हतं."

"आन् आपण 'दूध उत्पादक देशोधडीला लागतील' असं लिवलं. आठ निवेदनं."

"सगळेच तसं म्हणत होते अण्णा. सगळे चोर आहेत."

"सगळे चोर म्हनलं की घरी जाऊन झोपाया मोकळं," अण्णा म्हणाले. "लई सोपं हाय त्ये. त्येच्या फुडं मानसाला काय करावंच लागत न्हाय."

दूधवाल्यांच्या कराराची बोलणी चालूच होती, त्याची यादी कुठे मिळेना. म्हणून अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मसुदा सांगितला. त्याला त्यांनी निवेदन म्हटलं नाही, विचारणा म्हटलं. चार ओळी होत्या. आमचा विरोध नाही, आमचा पाठिंबा नाही. होऊ घातलेल्या करारात दूध आणि दुधाची पावडर आहे किंवा नाही, हे आम्हांला मराठीत कळवावं. आम्हांला म्हशी घ्यायच्या आहेत.

"शेवटचं वाक्य काढूया का?" मी विचारलं.

"तेच तर खरं हाय त्यातलं."

मग ते सह्या गोळा करायला लागले. तेव्हा त्यांची जी थट्टा झाली ती आठवली की अजून वाईट वाटतं. उपाध्यक्ष म्हणाला, "विरोध लिवा अण्णा, संध्याकाळपर्यंत शंभर सह्या आणून देतो." दुसऱ्या पक्षाचा म्हणाला, "स्वागत लिवा, मी दोनशे देतो." अण्णा दोघांनाही म्हणाले, "मला म्हायती नाय, म्हणूनशान तर इचारतोय." झाडाखालचे लोक म्हणायचे, अण्णा, कुणाची सुपारी घेतली? तिकीट मागताय का काय? शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत तर त्यांना बघून 'दूधवाले अण्णा आले' म्हणायला लागले. ज्यांनी उभ्या जन्मात कुठल्या पुढाऱ्याला अडवून प्रश्न विचारला नाही, ते अण्णांना अडवून विचारायचे, ह्यात तुमचा फायदा काय?

रफिकभाईंनी सही केली. गौरव्वाने आणि मैंदर्गीच्या अकरा बायकांनी केली. मग एका दुपारी अण्णांनी कागद माझ्यासमोर ठेवला.

मी म्हणाले, "अण्णा, माझ्या दुकानात सगळ्या पक्षांची कामं येतात. मला कुठल्याच कागदावर नाव नको."

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की झाडाखालची माणसं मलाही हसतील याची मला लाज वाटली. इतक्या कष्टाने मिळवलेलं नाव मला अशा कागदावर नको होतं. अण्णांना ते कळलं असणार. ते "बरं" म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांनी एकदा रागवायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

कागद देण्याच्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले होते. मोर्चा नाही, फोटो नाही. रांगेत उभे राहिले, कागद दिला, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. "बघ," म्हणाले. मी बघितली. त्या दिवशी आम्ही दोघांनी रफिकभाईंकडून दोनदा चहा मागवला.

त्यानंतर उन्हाळा लागला. दर आठवड्याला अण्णा पोस्टमनला विचारायचे. वैशाखात एका सकाळी ते आले नाहीत. दहा वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. त्यांना मैंदर्गीला नेलं. मातीला मी गेले होते. परत येऊन दुकान उघडलं तर स्टूल रिकामं, आणि त्यावर बसायला येणाऱ्या प्रत्येकाला मी उगाचच दुसरी खुर्ची द्यायला लागले.

श्रावणात उत्तर आलं. पत्ता माझ्या दुकानाचाच दिलेला होता. आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे, असं एक वाक्य होतं. अण्णांच्या नावाआधी श्री. लावलेलं होतं.

ते पत्र घेऊन मी मैंदर्गीला गेले. गौरव्वा गोठ्यात होती. दोन म्हशी बांधलेल्या, पलीकडे तिसरा खुंटा ठोकून ठेवलेला, नुसताच. तिने हात पुसून पत्र घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे दिलं. "वाचा की बाई."

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे दूध येणार का न्हाय?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंग काय लिवलंय?"

रिक्षावाल्यासारखं, सगळे सारखेच, असं म्हणून सुटता आलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. रागाने नाही. तिला खरंच वाटत होतं, की मला माहीत असेल.

"तुमी शिकलेल्या," ती म्हणाली. "आनी एकडाव इचारा की. अण्णानं इचारलं असतं."

मी सोलापूरला आले आणि विचारणा नव्याने टाईप केली. अण्णांच्या चार ओळी, त्याखाली मागच्या पत्राचा क्रमांक. देशाचं नाव चार वेळा तपासलं. पहिली सही गौरव्वाची, दुसरी माझी, पूर्ण नाव आणि पुढे बी.ए. लिहिलं. रांगेत माझ्या मागे उभा असलेला ओळखीचा कार्यकर्ता हसून म्हणाला, "काय सुनंदाताई, कुठल्या पक्षात?" मी म्हणाले, "रांगेत आहे मी."

कारकुनाने शिक्का मारला. पोच घेऊन मी बाहेर आले, झाडापर्यंत चालत गेले आणि तिथे थांबले. ती कुणाला दाखवायची, ते कळेना.