नारळाच्या वड्या आणि चमचाभर तूप

मंडळी, आज माझं डोकंच चालेनासं झालंय.

लेक व्हीगन झालीय, दूध-तूप बंद. म्हणून सकाळी तिच्यासाठी नारळाच्या दुधात वड्या केल्या. थापताना ताटालाही खोबरेल तेलच लावलं.

मी कामासाठी खोपट भागात जाऊन येईपर्यंत सासूबाईंनी ते ताट देवापुढे ठेवलं आणि वड्यांवर चमचाभर तूप सोडलं. म्हणाल्या, "अगं, तुपाशिवाय नैवेद्य असतो का?"

लेक आल्यावर तिला सगळं खरं सांगितलं. तिने प्रसाद म्हणून एक वडी कपाळाला लावली आणि खाल्ली. मला बरं वाटलं. दुसरी पुढे केली.

"नको आई, त्यात तूप आहे."

सासूबाईंनीही मान डोलावली. दोघींना पटलं. मग एकाच ताटातली ती दुसरी वडी नेमकी काय होती, कुणी सांगेल का मला?