मॅडमचा सत्कार आणि मेश्राम काका

काल रविवारी आमच्या महाराजपूरच्या बुद्धविहारात एक चूक झाली... माझ्याच हातून.

तीन आठवड्यांपूर्वी इथल्या भाजीबाजारात एकाने चाकू चालवला. दोघे गेले. मेणबत्त्या लावून झाल्या, श्रद्धांजली सभा झाली, पण वस्तीला अजून धड झोप नाही.

शेजारचे मेश्राम काका, फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्या दिवशी एका भाजीवाल्याची जखम हाताने दाबून बसले होते. तो वाचला नाही. तेव्हापासून काका त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नव्हते, घरातसुद्धा नाही.

मुख्यतः त्यांच्यासाठीच खटपट करून एक काउन्सेलर मॅडम मिळवल्या. सरकारी दवाखान्यातल्या, फक्त दोन तासांसाठी.

आणि आम्ही काय केलं? पाहुण्यांचं नेहमी करतो तेच. वंदना, मग शाल, बुके, प्रास्ताविक, चौघांची मनोगतं... सूत्रसंचालन माझ्याकडे, माइक काही सुटेना.

शेवटी मागून वस्तीतल्या शोभाताई ओरडल्याच, "भाऊ, मॅडमले बोलू द्या ना! तुमीच काहून बोलून राहिले?"

सगळे हसले. पण तोवर पावणेदोन तास संपले होते.

मॅडम हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "किसी को कुछ कहना है?" भरल्या हॉलमध्ये माइकवर कोण काय सांगणार? काका खाली मान घालून बसलेले.

मॅडम निघाल्या. त्यांचं सामान घेऊन काका ऑटोपर्यंत गेले, मागे मी. सामान ठेवलं, पण काका तिथेच उभे.

"मॅडम, उसने पानी माँगा था जी... लोग बोले, मत दो. मैंने नहीं दिया."

मॅडमनी ऑटो परत पाठवली. विहाराच्या पायरीवर बसल्या, काकांना शेजारी बसवलं. मी लांब झालो.

काका पाऊण तास बोलत होते. मध्ये एकदा रडले, मग पुन्हा बोलले. मी वळून पाहिलं तर पाच-सहा जण चपला घालूनही घरी न जाता थांबलेले... आपला नंबर लागेल या आशेवर. त्यात शोभाताईही होत्या.

कोणाचाच लागला नाही. मॅडमना जावं लागलं, शहराच्या या बाजूला काउन्सेलर त्या एकट्याच. पुन्हा येतील महिन्याने.

आठवड्यातून एकदा तरी कोणी काउन्सेलर विहारात येऊन बसावं, असा अर्ज आज सरकारी दवाखान्यात दिलाय. काकांचं ऐकून घेतलं गेलं, त्याबद्दल मॅडमचे मनापासून आभार.

शोभाताईंनी जाताना विचारलं, "महिनाभर काय करू भाऊ?"