हळदीकुंकवातून निघालेली बेसबॉल टीम

गेल्या मोसमात आमच्या बेसबॉल टीमने अकरा सामने खेळले, अकराच्या अकरा हरली, आणि तरीही टीम चांगली आहे.

हे मी जाणकार म्हणून सांगतो. म्हणजे नववीत शाळा सोडून, वेल्डिंग शिकून, कराडजवळच्या गावातून सिंगापूरच्या शिपयार्डात आलेला माणूस बेसबॉलचा जेवढा जाणकार असू शकतो, तेवढा. (शाळा मी सोडली, पण शाळेनेही मला थांबवायचा फार आग्रह केला नाही.) टीमचं नाव ऑटर्स, म्हणजे पाणमांजरं. बारा वर्षांखालची पोरं. सेंगकांगला आमच्या ब्लॉकमागच्या मैदानावर खेळतात. त्यात अगदी उजव्या टोकाला, जिथे चेंडू सहसा जातच नाही अशा जागी, माझी अकरा वर्षांची मुक्ता हातमोजा घालून उभी असते. तिला तिथे उभी बघितली की माझा ऊर भरून येतो. या देशाने मला काम दिलं, घर दिलं, आणि वर माझ्या पोरीला उभं राहायला एवढं मोठं मैदान दिलं!

त्या अकरांपैकी एका सामन्याला समोरची टीम आलीच नाही. त्यांची बस बंद पडली. आयता विजय! पण नियम असा की जिंकायला आपले नऊ खेळाडू हजर लागतात, आणि आमचे आले होते सहा. समोर कुणीही नसताना हरायचं, याला अंगात काहीतरी असावं लागतं.

मोसम संपला की बाकीचे चाहते विश्रांती घेतात. माझी काळजी तेव्हा सुरू होते. डिसेंबरभर मी यार्डात जहाजाच्या पत्र्यावर खडूने पुढच्या मोसमाची टीम मांडत होतो. आमच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या वेइ जीच्या, हातात जोर भरपूर, दिशा कमी. पण दिशा शिकवता येते, जोर शिकवता येत नाही. (हे माझं मत. ज्यांचे खांदे सुजले त्यांचं मत वेगळं आहे.) थोडक्यात, पुढचं वर्ष आमचं होतं.

आणि जानेवारीत कोच लिम यांचा मेसेज आला. इंग्रजी मेसेज आला की मी घाबरून तो आधी बायकोला दाखवतो. शर्मिला एम.कॉम. आहे, चांगी बिझनेस पार्कला बँकेत कामाला आहे. (तिने आठवी पास माणसाशी लग्न का केलं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं आणि ती विचारात पडली तर?)

"पाच पोरांच्या आईबापांनी नावं काढून घेतलीत," ती वाचत म्हणाली. "सहावीची परीक्षा आहे म्हणे यंदा. राहिली सात. रविवारी दुपारी बारापर्यंत नऊ झाली नाहीत तर टीम बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, अहो. त्याला दुसरा अर्थ नाही."

मुक्ताने सगळं ऐकलं होतं. ताटातला भात इकडचा तिकडे करत ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा. वी ऑल्वेज लूज वॉट. नेव्हर माइंड, लह." आणि उठून हातमोजा कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आली. स्टुलावर चढून!

इथल्या इंग्रजीत वाक्याला अशी शेपटं असतातच, पण त्या 'लह'ने माझं काळीज चिरलं. दोन पोरं हवी होती. फक्त दोन!

शनिवारी आमच्याकडे शर्मिलाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सेंगकांग, पुंगोल, होगांग इथल्या बावीस मराठी बायका येणार होत्या. बावीस बायका म्हणजे निदान वीस-पंचवीस पोरं! एवढा साठा दारात चालून येत असताना मी पत्र्यावर खडू काय झिजवत बसलो होतो?

कोचच्या मेसेजमध्ये नाव नोंदवायचा क्यूआर कोड होता. तो मी यार्डाच्या ऑफिसातून मोठा छापून आणला. खाली मराठीत लिहिलं: 'आनंदाची बातमी! इथे स्कॅन करा.' बेसबॉलचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. नाव वाचलं की आया लगेच गणिताच्या क्लासचं कारण काढतात. आणि शर्मिला स्वयंपाकघरात असताना तो कागद मी दाराजवळ, वाणाच्या स्टीलच्या डब्यांशेजारी, अत्तरदाणीला टेकवून ठेवला.

माझी चूक एवढीच, की आपण कुठे राहतो हे मी विसरलो. सिंगापुरात माणसाला क्यूआर कोड दिसला की तो आधी स्कॅन करतो आणि कशाचा होता ते नंतर विचारतो. बहुतेकदा विचारतही नाही. बायका येत होत्या, हळदीकुंकू लावून घेत होत्या, तिळगूळ तोंडात टाकत होत्या, वाण पिशवीत घालत होत्या आणि कोड स्कॅन करत होत्या. मी आतल्या खोलीच्या दारातून बघत होतो. बावीसच्या बावीस!

रविवारी सकाळी साडेसातला कोचचा फोन आला.

"अंकल! एका दिवसात बावीस नवे प्लेअर! हाऊ कॅन?"

"थँक यू, सर! थँक यू!"

"मी काल सगळ्यांना मेसेज टाकला, आठ वाजता ट्रायल, टोपी आणि पाणी घेऊन या. पण अंकल, ही एक मुलगी आहे, विजया. फादर्स नेम प्रभाकर. जन्मतारीख बघितली मी. शी इज सिक्स्टी-फोर, लह!"

विजया म्हणजे होगांगच्या देशपांडे काकू. आणि प्रभाकर म्हणजे काका!

सगळा उलगडा झाला. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात फोन. फॉर्म कोण वाचतो? नाव विचारलं, यांनी आपलं दिलं. जन्मतारीख विचारली, फोनने स्वतःच भरली. त्याखाली पालकाचं नाव मागितलेलं. आपल्याकडे बाईच्या नावापुढे लगेच नवऱ्याचं नाव येतं, म्हणून तिथे बावीसही जणींनी नवरे भरले होते. बारा वर्षांखालच्या टीममध्ये माझ्यामुळे बावीस सवाष्णी दाखल झाल्या होत्या!

मी धावत मैदानावर गेलो. चौदा जणी आधीच हजर! मेसेजमधलं टोपी आणि पाणी एवढंच वाचून, हळदीकुंकवाचाच हा दुसरा भाग आहे, शर्मिलाने सकाळची सहल ठेवली आहे, अशी सगळ्यांची समजूत. दोघींनी साबुदाण्याची खिचडी आणली होती. देशपांडे काकू सुती साडीवर पांढरे बूट घालून, अंबाड्यावर टोपी टेकवून उभ्या होत्या. पोरांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून बहुतेकींनी पोरंही आणली होती. ती कडेच्या पायऱ्यांवर ओळीने फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

"भावजी, कार्यक्रम काय आहे?" काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण आवाज मागून आला.

"अहो." शर्मिला मुक्ताला सोडायला आली होती. "माझं अख्खं हळदीकुंकू मैदानात काय करतंय?"

मी सगळं कबूल केलं. चौदा बायकांसमोर, कोचसमोर, सात पाणमांजरांसमोर. शर्मिला माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं ती बँकेतल्या चुकलेल्या बेरजेकडे बघत असणार.

"म्हणजे मी बारा वर्षांखालची?" काकू म्हणाल्या. "बरं झालं. आमच्या ह्यांना सांगते."

कोच लिम यांनी घड्याळ बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "ऑलरेडी कम. प्ले, लह."

तर आया विरुद्ध ऑटर्स. मी अंपायर, कारण कुठलीच टीम मला घ्यायला तयार नव्हती. वेइ जीने पहिला चेंडू टाकला तो माझ्या खांद्यावर आला. (त्या खांदेवाल्यांचं म्हणणं मला आता पटतं.) दुसरा चुकून सरळ गेला. समोर काकू. त्यांनी बॅट धरली ती वाळत घातलेली गोधडी धोपटायला धरतात तशी, आणि असा काही धोपटला की चेंडू मैदानाबाहेर, एलआरटी रेल्वेच्या खांबावर आपटून पार झुडपात!

"पळा, काकू, पळा!"

"गुडघा आहे रे माझा. तुम्ही चेंडू शोधा, तोवर मी फिरून येते."

आणि त्या खरंच फिरायला निघाल्या. पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, पाणी प्यायल्या. दुसऱ्यावर पदर खोचला. तिसऱ्यावर एका ऑटरला त्याची आई काय करते ते विचारलं. इकडे आमची सात पोरं, चेंडू कुणी आणायचा यावर भांडत होती. काकू 'होम'ला, म्हणजे निघाल्या त्याच जागी, पोचल्या, मग चेंडू पोचला.

पायऱ्यांवरची डोकी एकेक करून वर आली. "आजी! सो शिओक! एकदम भारी!" काकूंचा नातू अर्जुन फोन टाकून मैदानात घुसला. "मी टू! आय वॉन्ट टू हिट!" त्याच्या मागून आणखी दोन पोरी.

आम्ही आयांकडून नऊ-दोन असे हरलो. पण बाराला वीस मिनिटं असताना अर्जुन आणि त्या दोन पोरींची नावं नोंदवली गेली. फॉर्म शर्मिलाने स्वतः भरला, प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून, माझ्याकडे बघत.

मुक्ता घामाने निथळत धावत माझ्याकडे आली. "बाबा! सेव्हन प्लस थ्री, टेन! नाऊ वी कॅन लूज द होल सीझन!"

इतकी आनंदाची बातमी मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी यार्डात गेल्या गेल्या सुपरवायझरना सांगितलं, मोसम संपेपर्यंत माझं नाव रविवारच्या ओव्हरटाइममधून काढा. इतक्या वर्षांत मी कधी ओव्हरटाइमला नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे ते घाबरलेच. "घरी सगळं ठीक आहे ना? दर रविवारी असं काय काम निघालं?"

मी अभिमानाने ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "हरायला जायचंय, सर."