आदी मी, मंग तुमी

मेथीची जुडी हातात घेतली की भाऊ आधी तिचं एक पान खुडत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकत आणि चावता चावता म्हणत, "आदी मी, मंग तुमी." मग जुडी पुढे करत. पालक असो, चवळी असो, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी असो, नियम एकच. सिंदी मेघेत आमच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली बसणाऱ्या या माणसाचा तराजूपेक्षा स्वतःच्या दाढांवर जास्त भरवसा होता. तुमच्याही कोपऱ्यावर असा कोणी बसत असेल, तर जरा पाहून ठेवा. आपण भाजी निरखून घेतो, माणूस तसाच राहून जातो.

केळझरकडच्या एका गावात त्यांची भाजीची वाडी होती. औषधाचा फवारा मारलेला वाफा ते बरेच दिवस तोडत नसत. शेजारचे लगेच तोडत, वरून पाणी शिंपडत आणि विकून मोकळे होत. भाऊ म्हणत, "भाजीचं तोंड धुतलं म्हून तिचं पोट साफ होते का, मॅडम?" माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं. कव्हर पाहून पुस्तक नेणारे मी पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

दुसऱ्या लाटेत भाऊंना करोना झाला आणि ते बरे झाले. म्हणजे तसा रिपोर्ट आला. गावात हारतुरे झाले, त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाने पेढे वाटले. त्यानंतर मात्र भाऊ वाडीच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चालले की बसून घेत. पोतं उचललं की धाप लागे. एक पोटरी सुजून दगडासारखी झाली. पेढे वाटणारा तो मोठा भाऊच आता चारचौघांत म्हणू लागला, "रिपोर्ट नेगेटिव आला ना बे? मंग काऊन लोळून राह्यला? बाळंतपण झालं का तुयं?"

कोपऱ्यावर परतल्यावर भाऊंनी मला हे सगळं हसत सांगितलं. "मी बरा हाओ, मॅडम. सही-शिक्क्यासकट बरा हाओ. फकस्त चालता येत नाई."

मोठ्या दवाखान्यात त्यांच्यासोबत मी गेले, कारण डॉक्टर इंग्रजीत बोलले तर कोणीतरी समजणारं हवं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर तरुण मुलगी होती आणि बोलली स्वच्छ मराठीत. माझं काम तिथेच संपलं. तिने सांगितलं, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. विषाणू गेला, पण त्याच्याशी लढायला उठलेलं शरीर काहींच्या बाबतीत शांतच होत नाही. आत सूज राहते, रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि रक्त नको तिथे गोठायला लागतं. गुठळी छातीत गेली तर जिवावर बेतेल. हे असं का राहतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही, असंही ती म्हणाली. इतकं खरं बोलणारा डॉक्टर पाहून भाऊ आधी घाबरले. मग विचारात पडले.

"म्हंजे असं पाहा," ते म्हणाले, "डुकरं आली म्हून रातच्या राखनीले जागल्या ठेवला. डुकरं कवाचीच पळाली. पन जागल्या अंधारात दगडं मारूनच राह्यला, अन् आपलेच टमाटे फोडून राह्यला."

डॉक्टर हसली. "अगदी तसंच, काका."

"मंग त्याले घरी काऊन नाई पाठवत?"

"प्रयत्न चालू आहेत," ती म्हणाली.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. तिच्यासोबत एक पथ्य होतं. हिरव्या पालेभाज्या या गोळीच्या वैरी. त्या थोड्या खा आणि रोज सारख्याच खा, कमीजास्त करू नका. भाऊंनी यातलं एकच ऐकलं: बंद. घरी येऊन त्यांनी पालेभाजी ताटातून हद्दपार केली आणि वरण-भातावर आले. ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या पालकच पिकला, त्याला पालक वर्ज्य. देवाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पण रक्त काही केल्या पातळ होईना. गोळी वाढवली, तरी तपासणीत आकडा जागचा हलेना. कधी हलला तर भलतीकडेच जाई. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारी, "काका, पालेभाजी खाता का?" आणि भाऊ गळ्याला हात लावून शपथ घेत, "बिलकुल नाई."

एकदा वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, सोबत आली. शपथ ऐकून तिने पदर तोंडाला लावला.

"घरी नाई खात, मॅडम," ती डॉक्टरला म्हणाली. "बजारात दिवसभर रवंथ करून राह्यते, बैलावानी."

भाऊ खरोखरच दुखावले. "ते का खानं व्हय? ते तं चाखनं व्हय. धंदा व्हय तो."

एका सकाळी किती गिऱ्हाइकं येतात आणि भाऊ किती पानं चघळतात, याचा हिशेब डॉक्टरने मनातल्या मनात केला असावा. तिने डोक्याला हात लावला. भाकरीशी खाल्लं तर खाणं, उभ्याने चावलं तर धंदा, हा भेद वैद्यकाच्या पुस्तकात नव्हता. धंदा जोरात असला की रक्त घट्ट का आणि चार दिवस सुटी झाली की सैल का, ते आता कळलं.

मग तोड निघाली. भाऊंनी विकायचं आणि वहिनीने चाखायचं. दोघं शेजारी बसत. वहिनीला कच्ची मेथी अजिबात आवडत नसे.

"तोंड पाह्य कसं केलं! गिराइक पळते ना!"

"मंग तुमीच खा अन् मरा."

"मरतो ना. आदी हे जुडी खपू दे."

त्या काळात रक्ताचा आकडा जागेवर आला. पोटरी उतरली. धाप मात्र तशीच होती. "जागल्याचा नेम आता जरा चुकून राह्यला," असं भाऊ सांगत.

पुढे वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी हिंगणघाटला गेली. नेमकं त्याच सुमारास आमच्या कॉलनीतल्या एका घरात कसलीशी भाजी खाऊन सगळ्यांना उलट्या झाल्या. भाजी कुठून आणली होती, ते कोणालाच नीट आठवेना. पण कॉलनीच्या ग्रुपवर संदेश फिरला: कोपऱ्यावरची पालेभाजी घेऊ नका, विषारी फवारणी आहे. खाली हात जोडलेली पुष्कळ चिन्हं.

दुसऱ्या दिवशी भाऊंसमोरचा ढीग हलला नाही. लोक लांबूनच वळून जाऊ लागले. त्यानंतर मी पाहिलं, की भाऊ नुसतं पान नाही, मूठभर भाजी तोडून खात होते. जो थांबेल त्याच्यासमोर. पालक, मग चवळी, मग पुन्हा पालक.

मी म्हटलं, "भाऊ, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर रक्त पाह्यते, मॅडम. गिराइक तोंड पाह्यते."

"चार दिवस घरी बसा. लोक विसरतील."

"इसरतीन ना जी. पन इसरेपर्यंत मी इख विकनारा राहीन. अन् तसाच मेलो तं?" त्यांनी तोंड पुसलं. "तुमाले देऊ का जुडी? आदी मी, मंग तुमी."

मी जुडी घेतली. हळूहळू इतरांनीही घेतली. माणूस इतकं खातो आणि धडधाकट बसलेला दिसतो, म्हणजे भाजी शुद्ध, हे कॉलनीने मान्य केलं. धडधाकट हा शब्द त्यांचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी भाजी तोडताना भाऊ वाफ्यातच बसले, ते उठले नाहीत. गुठळी छातीत गेली होती. भाजीमुळेच झालं का, असं मी डॉक्टरला विचारलं. तिने त्यांची फाइल पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाली, "तेवढ्यानेच झालं असं नाही म्हणता येणार. सूज आधीचीच होती. पण नसती खाल्ली तर बरं झालं असतं."

तेरवीला त्यांचा मोठा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "करोनातून तं बरा झालता जी." कॉलनीच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली आली. तिच्या खाली कोणीतरी विचारलं होतं, आता खात्रीची पालेभाजी कुठे मिळेल?

मध्ये कोपरा बरेच दिवस रिकामा होता. मग एका सकाळी वहिनी येऊन बसली. शेजारी भाऊंच्या बसायची जागा तिने मोकळी ठेवली होती, तिथे नुसतं पोतं अंथरलेलं. मी मेथी मागितली. तिने जुडी उचलली, सवयीने पान खुडलं, ओठांपर्यंत नेलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"माह्याच्यानं नाई होत, मॅडम," ती म्हणाली आणि पान माझ्यापुढे धरलं.

माझ्या मागे दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. मी पान तोंडात टाकलं. मेथी कडू होती, कच्ची मेथी असतेच. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी तोंड वाकडं न करता चावत राहिले.